पाठीतलं पाणी काढू द्यायचं की नाही?

पत्र :

"माझ्या दिरांचं (वय ४१) दोन वर्षांपूर्वी किडनी बदलण्याचं ऑपरेशन झालं. किडनी सासूबाईंनी दिली. सगळं बरं चाललं होतं. महिन्याभरापूर्वी डोकं दुखायला लागलं. आधी ऊन लागलं म्हणालो, मग सायनस म्हणालो, मग चष्म्याचा नंबर बदलून आणला. मग उलट्या सुरू झाल्या. एक दिवस माझ्या मुलीला त्यांनी वारलेल्या आत्याच्या नावानं हाक मारली, तेव्हा घाबरून बेळगावात ॲडमिट केलं. पाठीतलं पाणी तपासलं आणि क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी मेंदूच्या आवरणापर्यंत गेलीय म्हणून सांगितलं. आतापर्यंत तीनदा पाणी काढलं, आता चौथ्यांदा काढायचं म्हणतात. सासूबाई आणि भावजी (नणंदेचे मिस्टर) सही करू देत नाहीत. 'पाठीतनं पाणी काढल्यावर माणूस लुळा पडतोय, आणि डोक्यातलं पाणी संपलं तर?' असं त्यांचं म्हणणं. गावात कुणी म्हणतं ही कोरोनातली काळी बुरशी, डोळा काढणार. कुणी म्हणतं हा एड्सवाल्यांचा आजार. भावजी म्हणतात किडनीच्या गोळ्यांनीच झालं, त्या बंद करा. आमच्या माळ्यावर पारवे आहेत, त्यांच्यामुळे झालं का? मुलांना लागण होईल का? आणि सासूबाई रात्री हळूच विचारतात, माझ्याच किडनीतनं गेलं नसेल न्हवं? क्रिएटिनिन १.५ आहे."
— एक वहिनी, खानापूर तालुका

उत्तर :

ताई, सही करा. पत्र मिळालं त्याच दिवशी मी एवढं तुम्हाला फोनवर सांगितलंच होतं. पण तुमच्या घरात जे प्रश्न उठले तेच उद्या दुसऱ्या कुणाच्या घरात उठतील, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

मी डॉक्टर असले तरी माझा जन्म प्रयोगशाळेत गेला, खाटेपाशी नाही. रोगी मला दिसायचा तो काचेवर, एका थेंबात. हा आजार ओळखायची जुनी पद्धत इतकी साधी आहे की ऐकून हसाल. पाठीतल्या पाण्याचा एक थेंब काचपट्टीवर घ्यायचा, त्याच्या शेजारी काळ्या शाईचा थेंब, दोन्ही मिसळून वर पातळ काच ठेवायची. सूक्ष्मदर्शकाखाली सगळीकडे काळोख दिसतो आणि त्या काळोखात एखादा गोल ठिपका चमकतो, भोवती स्वच्छ कडं घेऊन. सब्जा भिजवल्यावर प्रत्येक बीभोवती जसा पारदर्शक गर धरतो ना, अगदी तसंच. ते कडं म्हणजे बुरशीनं स्वतःभोवती पांघरलेला बुळबुळीत थर. शाईचे कण त्यात शिरत नाहीत म्हणून ते उजळ दिसतं. त्या थराची गोष्ट लक्षात ठेवा, तुमच्या सहीचं उत्तर त्यातच आहे.

मेंदूभोवती आणि पाठीच्या कण्यात जे पाणी असतं ते साठवलेलं नसतं, वाहतं असतं. मोठ्या माणसात एका वेळी साधारण १५० मिली, म्हणजे कपभर. पण दिवसाकाठी शरीर जवळजवळ ५०० मिली नवीन तयार करतं आणि तेवढंच रक्तात शोषून घेतं. मलप्रभेचा उगम तुमच्याच तालुक्यातला, कणकुंबीचा. तिथून कळशीभर पाणी काढलं म्हणून झरा आटतो का? डॉक्टर एका खेपेला वीस-तीस मिली काढतात, ते तास-दीड तासात भरून येतं. सासूबाईंना हे त्यांच्या भाषेत सांगा, पटेल.

खरी भीती पाणी संपायची नाही, तुंबायची आहे. तो बुळबुळीत थर आणि बुरशीच्या पेशी मिळून पाणी शोषून घेणारी बारीक भोकं बंद करतात. नळ चालूच आणि न्हाणीची मोरी तुंबलेली. मग कवटीच्या आत दाब वाढतो. डोकं ठणकतं, उलट्या होतात, एकाचे दोन दिसतात, माणूस माणसं ओळखेनासा होतो. दिरांनी तुमच्या मुलीला आत्या म्हटलं ते यामुळेच असणार. हा दाब तसाच राहिला तर आधी नजर जाते, कधी ऐकू येणं जातं, आणि मग जीव. म्हणून या आजारात पाठीतलं पाणी काढणं ही नुसती तपासणी नसते. पहिल्या वेळी तपासणी असते, त्यानंतर ते औषध असतं. बुरशी मारणारी इंजेक्शनं आपलं काम करायला दिवस घेतात. तोवर मोरी तुंबलेली असताना पाणी बाहेर काढायला दुसरी वाट नाही. दाब उतरवायचं म्हणून एरवी जे सलाइन देतात त्याचा इथे उपयोग होत नाही, आणि या आजारात दाबासाठी स्टिरॉइड दिलं तर नुकसानच होतं, हे २०१६ सालच्या एका मोठ्या चाचणीत दिसून आलं.

आता लुळेपणा. कण्याच्या आतला मज्जारज्जू मोठ्या माणसात कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. सुई घालतात ती त्याच्या खाली, दोन्ही बाजूंच्या कमरेच्या हाडांना जोडणारी रेघ धरली तर त्या सुमारास. तिथे दोरा नसतो, पाण्यात सुटे तरंगणारे मज्जातंतू असतात आणि ते सुईपुढून बाजूला सरकतात. मग गावात "पाणी काढलं आणि माणूस गेला" ही गोष्ट येते कुठून? तर पाणी अशाच माणसांचं काढतात ज्यांच्या मेंदूला आधीच भयंकर काहीतरी झालेलं असतं. त्यातले काही जातात, काहींचे हातपाय आजारामुळेच जातात, आणि दोष बसतो सुईला. दोन बाबतीत मात्र सुई खरंच थांबवावी लागते. मेंदूत मोठी गाठ असेल तर, किंवा रक्त गोठत नसेल, प्लेटलेट फार कमी असतील तर. म्हणून आधी स्कॅन आणि रक्त बघतात. तुमच्याकडे तीनदा काढलंय, म्हणजे ते बघितलेलं असणार. तरी विचारा. विचारण्यात काही कमीपणा नाही.

आणि एक प्रश्न मात्र दरवेळी विचाराच : "आज प्रेशर किती आलं?" कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात, सुईला उभी बारीक नळी जोडतात आणि पाणी त्या नळीत किती सेंटिमीटर चढतं ते मोजतात. २० पर्यंत ठीक. २५ च्या वर गेलं आणि डोकं दुखतंय, तर काढायलाच हवं. ३५-४० आलेलंही मी पाहिलंय. शाळेची दोनशे पानी वही घ्या. तारीख, पाणी काढण्याआधीचा दाब, किती मिली काढलं, काढल्यानंतरचा दाब, क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय ते सांगणारा रक्तातला आकडा), पोटॅशियम असं रोज लिहा. आकडा खेपेगणिक उतरत असेल तर सासूबाईंना वही दाखवा. उतरत नसेल, रोज काढूनही परत तेवढाच येत असेल, तर मेंदूच्या सर्जनना बोलवायचं का, नळी बसवायची का, हे तुम्हीच विचारा. सकाळी दिरांना समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख वाचायला लावा, एकेक डोळा झाकून. धूसर दिसतंय म्हणाले तर राउंडची वाट न बघता सिस्टरना सांगायचं.

कागदाचंही सांगते. कन्सेंटचा कागद बहुतेक इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असतो आणि कुणीतरी घाईत "इल्ली सही माड्री" (इथे सही करा) म्हणून पेन पुढे करतं. आपलं माणूस त्या पेनलाच घाबरतं. बेळगावातल्या कुठल्याही मोठ्या दवाखान्यात मराठी बोलणारी एक तरी सिस्टर किंवा शिकाऊ डॉक्टर सापडतेच. तिला थांबवा, काय लिहिलंय ते मराठीत सांगायला लावा आणि भावजींनाही त्या वेळी शेजारी उभं करा. अर्धा विरोध तिथेच गळतो.

आता भावजींचं दुसरं म्हणणं. किडनीच्या गोळ्यांमुळे प्रतिकारशक्ती कमी झाली आणि त्यामुळे बुरशीला वाव मिळाला, इथपर्यंत ते बरोबर बोलतायत. त्या गोळ्यांचं कामच ते. पण म्हणून घरच्या घरी त्या बंद केल्या तर शरीर ती किडनी परकी समजून तिच्यावर तुटून पडेल. शिवाय दाबून ठेवलेली प्रतिकारशक्ती एकदम उसळली तर मेंदूतली सूज उलट वाढते, असाही प्रकार होतो. गोळ्या कमी करायच्याच असतात, पण पायरीपायरीनं आणि किडनीच्या डॉक्टरांच्या हातानं. त्यात एक मेख आहे. पुढे दिरांना फ्लुकोनॅझोल नावाची बुरशीची गोळी बरेच महिने घ्यावी लागेल. ती टॅक्रोलिमसची, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या किडनीच्या गोळीची, रक्तातली पातळी वर चढवते. म्हणजे तीच जुनी मात्रा दुप्पट घेतल्यासारखी होऊ शकते आणि किडनीलाच इजा होते. म्हणून फ्लुकोनॅझोल सुरू करताना, मात्रा बदलताना आणि बंद करताना, तिन्ही वेळा टॅक्रोलिमसची लेव्हल तपासायला सांगा. मेंदूचे डॉक्टर एक, किडनीचे दुसरे, आणि दोघांच्या फायली वेगळ्या. त्यांना जोडणारा धागा म्हणजे तुमची वही. परसात पपनसाचं झाड असेल तर ते फळही दिरांना देऊ नका. तेही ही लेव्हल वाढवतं.

सध्या बुरशी मारणारं जे इंजेक्शन चालू असेल ते ॲम्फोटेरिसिन. देताना हुडहुडी भरते, पोटॅशियम खाली येतं, किडनीला त्रास होतो. त्याचा लिपोसोमल नावाचा सौम्य प्रकार असतो. किडनी बदललेल्या माणसाला तोच देतात, मात्र तो महाग. जोडीला बुरशीवरच्याच फ्लुसायटोसिनच्या गोळ्या असल्या तर उत्तम, पण त्या सगळीकडे सहज मिळत नाहीत, चौकशी करा. कमीत कमी दोन आठवडे हे, मग आठेक आठवडे फ्लुकोनॅझोल जास्त मात्रेत, मग कमी मात्रेत सहा महिने ते वर्षभर. पोटॅशियम कमी आलं ऐकून कुणी शहाळी घेऊन येईल. किडनीच्या माणसाला ती आपल्या मनानं पाजायची नाहीत, आकडा बघून डॉक्टर सांगतील तेव्हाच.

खर्चाचं : बीपीएल रेशनकार्ड असेल तर आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतची सोय आहे. महाराष्ट्रानंही २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, त्यावरून इकडे किती गदारोळ झाला ते तुम्ही पेपरात वाचलंच असेल. राजकारण राजकारण्यांना करू दे. दवाखान्याच्या योजना काउंटरवर दोन्हींची नावं घेऊन विचारा, आणि इंजेक्शन बाहेरून विकत आणण्याआधी विचारा. नंतर बिल घेऊन गेलं की कुणी दाद देत नाही.

ही काळी बुरशी नव्हे. २०२१ मध्ये आपण जी पाहिली ती म्युकर. जुलैच्या मध्यापर्यंत देशात तिचे ४५ हजारांवर रुग्ण नोंदले गेले. साखर वाढलेली आणि वर स्टिरॉइड, अशा माणसांच्या नाकातून ती डोळ्यामागे आणि तिथून मेंदूत शिरायची, वाटेतलं मांस कुजवत. काळं दिसायचं ते मेलेलं मांस. डोळा काढायची वेळ त्यात यायची. तुमच्या दिरांच्या आजारात डोळा काढत नाहीत. नजर जाते ती दाबामुळे, म्हणून तर पाण्याचा एवढा आग्रह. खरोखर काळ्या रंगाची, मेंदूत गळू करणारी बुरशी आणखी वेगळीच आहे, क्लॅडोफियालोफोरा बँटियाना. फार दुर्मीळ, पण जगात नोंदलेल्या रुग्णांत मोठा वाटा आपल्या देशातला. ती स्कॅनवर टीबीच्या गाठीसारखी दिसते, ऑपरेशन करून काढावी लागते, आणि चांगल्या धडधाकट माणसालाही होते. नाव सगळ्यांचं बुरशीच, पण औषध, वाट, शेवट सगळं निराळं. म्हणून "अमक्याला झालं होतं तेव्हा असं केलं" हे सल्ले दवाखान्याच्या दाराबाहेर ठेवा.

एड्सबद्दल खरं तेच सांगते. जगात हा आजार होणाऱ्यांत सर्वाधिक माणसं एचआयव्हीबाधितच असतात, तेही सीडी-फोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी) १०० च्या खाली गेलेली. त्यामुळे डॉक्टर एचआयव्हीची तपासणी करतील, तीत अपमान मानू नका. पण किडनी बदललेले, रक्ताच्या कॅन्सरचे, वर्षानुवर्षं स्टिरॉइड घेणारे यांनाही तो होतो. (सांधेदुखीवर बाजारात बिनलेबलाच्या पुड्या मिळतात ना, ज्या घेतल्यावर दुसऱ्या दिवशी म्हातारा पळायला लागतो, त्यातही बऱ्याचदा स्टिरॉइडच असतं.) गावाला काय झालंय ते सांगायला तुम्ही बांधील नाही. आणि हे वाचणाऱ्यांत कुणी एचआयव्हीचे असतील, मधेच गोळ्या सोडल्या असतील, तर त्यांना माझं वेगळं सांगणं : एआरटी सेंटरला (एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथे) परत जा आणि क्रिप्टोकॉकसची रक्ततपासणी करता का म्हणून विचारा. डोकं दुखायच्या कितीतरी आठवडे आधी ती पॉझिटिव्ह येते आणि तेव्हा साध्या गोळ्यांवर पुढचं टळू शकतं. तुमची माहिती बाहेर फोडायला २०१७ च्या कायद्यानं मनाई आहे.

मुलांना लागण होणार नाही. माणसापासून माणसाला हा होत नाही. एका ताटात जेवा, अंथरूण-भांडी वेगळी करायचं कारण नाही.

पारव्यांना मात्र मी निर्दोष सोडणार नाही, फाशीही देणार नाही. ही बुरशी त्यांच्या वाळलेल्या जुन्या विष्ठेत छान वाढते, विशेषतः ऊन न लागणाऱ्या कोपऱ्यात, म्हणजे तुमच्या माळ्यासारख्या जागी. ती धूळ होऊन उडते आणि श्वासातून फुप्फुसात जाते. पारवा स्वतः आजारी पडत नाही, त्याचं अंगच ४१-४२ अंश तापलेलं असतं. पण ती धूळ थोडीफार आपण सगळ्यांनीच कधी ना कधी हुंगलेली आहे. कित्येकदा बुरशी आत शिरून वर्षानुवर्षं झोपून राहते आणि प्रतिकारशक्ती खचली की उठते. तेव्हा तुमच्याच माळ्यावरून आली की दिरांच्या लहानपणी शाळेच्या कौलांखालून, हे कुणी सांगू शकणार नाही. दिर घरी यायच्या आधी माळा साफ करून घ्या, पण कोरडा झाडू फिरवायचा नाही. आधी पाणी मारून सगळं भिजवायचं, तोंडाला चांगला मास्क, मग खरवडून पिशवीत भरायचं आणि कौलांखालच्या फटी जाळीनं बंद करायच्या. दिरांनी त्या दिवशी घरात असायचं नाही. हिचीच जातभाई असलेली दुसरी एक बुरशी निलगिरीखालीही सापडते, पण म्हणून बांधावरची निलगिरी तोडायला काढू नका.

थोडं माझं. नव्वदच्या दशकात एका प्रयोगशाळेत असताना एका तरण्या मुलाच्या पाठीतलं पाणी आलं. पाणी आरशासारखं स्वच्छ. चिठ्ठीवर एकच शब्द, "टीबी?" आपल्याकडे महिनाभर ताप-डोकेदुखी म्हटलं की पहिला संशय टीबीचाच, आणि पाण्यातली साखर-प्रथिनं दोन्ही आजारांत सारखीच बिघडतात. मी टीबीचं बघितलं, सापडलं नाही, तसं लिहून दिलं. शाई संपलेली होती, कुणी मागितलीही नव्हती. दहा दिवसांनी त्याचंच पाणी परत आलं तेव्हा मला राहवलं नाही. शिपायाला गणपत गल्लीत पाठवून चित्रकलेची काळी शाई आणवली. पहिल्याच नजरेत ते सब्जाचे दाणे दिसले, मोजताही येईनात इतके. मुलगा जगला, पण त्याची नजर गेली होती. तेव्हापासून कुणाचंही प्रतिकारशक्ती खचलेल्या माणसाचं पाणी आलं की चिठ्ठीवर काही का असेना, मी शाई टाकायची. आता तर त्याहून सोपी पट्टी आलीय, गरोदरपणाच्या तपासणीसारखी, दहा मिनिटांत रेघ उमटते. तेव्हा ज्यांच्या घरी असा पेशंट असेल आणि टीबीसाठी पाणी काढत असतील, त्यांनी एवढं म्हणावं : "डॉक्टर, त्यातच क्रिप्टोकॉकसचंही बघता का?"

राहिला सासूबाईंचा प्रश्न. तो त्यांनी रात्री आणि हळू विचारला, म्हणजे दिवसभर त्यांच्या डोक्यात तोच असणार. दिलेल्या अवयवातून अशी बुरशी गेल्याची उदाहरणं जगात आहेत, पण थोडी, आणि ती बहुधा ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच डोकं वर काढते. इथे दोन वर्षं झालीत. त्यांना सांगा, तुमच्या किडनीतनं नाही गेलं. आणि हेही सांगा, की हे किडनीला झेपायला जड असं इंजेक्शन द्यायचा धीर डॉक्टरांना होतोय तो ती किडनी नीट चालतेय म्हणून. वहीतला क्रिएटिनिनचा आकडा रोज संध्याकाळी त्यांना वाचून दाखवत जा. त्यांच्या किडनीचा आकडा आहे तो, भावजींच्या आधी त्यांना कळू दे.